जेरुसलेममधल्या सेलिहोतच्या रात्री

सेलिहोत, म्हणजे ज्यूंच्या क्षमायाचनेच्या प्रार्थना, ऐकायच्या तर योम किप्पुरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, आधीच्या आठवड्यात या, असं मला सांगितलं होतं. त्याचं कारण मध्यरात्री नाहलाओतच्या गल्लीत शिरताच कळलं. महाने येहुदा बाजाराच्या दक्षिणेची ही जुनी, दाटीवाटीची वस्ती. एवढ्या रात्री तिथे शाळकरी मुलांचे घोळके, सैनिक, कडेवर पोर घेतलेल्या बायका, सगळे एका सभागृहातून, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहातून, दुसऱ्याकडे चाललेले.

सेफार्दी (मूळचे स्पेन-पोर्तुगालचे) आणि मिझराही (पश्चिम आशियातले) ज्यू त्यांच्या पंचांगातला एलुल महिना लागल्यापासून योम किप्पुरपर्यंत, शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) आणि सण सोडून, रोज सेलिहोत म्हणतात. मोशे देवाच्या आज्ञांच्या दुसऱ्या पाट्यांसाठी सिनाय पर्वतावर चाळीस दिवस राहिला, ते हेच दिवस मानतात. अश्केनाझी (मूळचे मध्य आणि पूर्व युरोपातले) ज्यू मात्र रोश हशाना या ज्यू नववर्षाच्या थोडेच दिवस आधी, शनिवारी रात्री सुरुवात करतात. वेळ मध्यरात्रीनंतरची किंवा पहाटेची. पूर्वी सभागृहाचा सेवक दारोदार फिरून लोकांना उठवायचा. आपल्याकडे कार्तिकातल्या काकड्याला अंधारात घरं जागी होतात, तशीच ही जाग.

नाहलाओतमधलं आदेस सभागृह 1901 मध्ये सीरियातल्या हलबहून (अलेप्पोहून) आलेल्या ज्यूंनी बांधलं. आत मोत्याच्या शिंपल्यांचं जडावकाम केलेलं, धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायचं लाकडी पवित्र कपाट आहे. पण माझं लक्ष तिकडे फार वेळ टिकलं नाही, कारण गाणं सुरू झालं होतं. पश्चात्ताप म्हटलं की खाली मान आणि दबका आवाज, अशी माझी समजूत. इथे ‘अदोन हासेलिहोत’ ठेक्यात, भरल्या गळ्याने चाललेलं. हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने देवाची एकेक विशेषणं येतात आणि दर वेळी सगळे मिळून उचलतात: ‘हातानू लेफानेखा, रहेम आलेनू’. आम्ही तुझ्यापुढे पाप केलं, आमच्यावर दया कर. पुढचा कबुलीजबाबही ‘आम्ही’चाच. एकेका दोषाचं नाव घ्यायचं आणि मुठीने छातीवर हलकेच ठोकायचं. जे पाप आपण केलंच नाही, तेही म्हणायचं, कारण शेजारच्याने केलं असेल आणि त्याला एकट्याला म्हणायला लागू नये. मला हे फार मोठं वाटलं. स्वतःच्या चुका कबूल करायला एवढा आधार लोक एकमेकांना देतात, हे मी कुठेच पाहिलं नव्हतं.

सगळ्याचा गाभा म्हणजे देवाचे तेरा गुण: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध... बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या 34व्या अध्यायातले. दहा प्रौढ पुरुषांचा मिनयान (प्रार्थनेला लागणारा गट) नसेल तर ते प्रार्थना म्हणून उच्चारत नाहीत. तल्मूद हा ज्यूंचा धर्मचर्चेचा ग्रंथ सांगतो की खुद्द देवाने प्रार्थना चालवणाऱ्यासारखी शाल पांघरून मोशेला हा क्रम दाखवला. इथे त्या गुणांबरोबर शोफार वाजला. एडक्याच्या शिंगाचा तो खरखरीत, लांब आवाज बायकांच्या भागापर्यंत आला आणि अंगावर काटा आला.

पुढे पश्चिम भिंतीकडे, ज्यूंच्या प्राचीन मंदिराच्या आवाराच्या उरलेल्या भिंतीकडे, गेले. पटांगणात हजारो माणसं होती. बायकांचा भाग उजवीकडे, पुरुषांच्या भागापेक्षा लहान, त्यामुळे भिंतीपर्यंत पोचताच आलं नाही. तिथेच मराठी कानावर पडलं. ‘हळू गं, चेंगरशील.’ लोद शहराहून बस करून आलेल्या बेने इस्राएल, म्हणजे मूळच्या कोकणातल्या मराठी ज्यू, बायका होत्या. त्यांतल्या आजी मूळच्या अलिबागकडच्या. मी ठाण्याची, हे कळल्यावर त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही.

‘रात्रभर म्हणून पाप जातं का हो आजी?’ मी विचारलं.

‘देवाचं जातं, बाळा. माणसाचं नाही. ज्याला दुखवलं त्याच्याकडे आधी जायचं, त्याशिवाय योम किप्पुरलासुद्धा माफी नाही.’

मिश्ना या ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात नेमकं हेच लिहिलंय. आजींनी ते लहानपणी घरात ऐकलेलं. गर्दी ‘आनेनू’ (आम्हाला उत्तर दे) म्हणू लागली, तशा त्याही म्हणू लागल्या. कडवं संपल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘सकाळी अश्दोदला जावेला फोन करायचाय. दोन वर्षं बोललो नाही आम्ही.’