भुऱ्या आणि कूलर

आमच्या कुत्र्याला, भुऱ्याला, मालगाडीची भीती वाटत नाही. तो अमळनेरचा, सुरत-भुसावळ रुळांपासून हाकेच्या अंतरावर जन्मलेला. कोळशाची लांबलचक गाडी धडधडत गेली तरी साहेबांचा कान हलत नाही. पण मिक्सर लागला की पलंगाखाली, कुकरची शिट्टी झाली की न्हाणीघरात. आणि कूलरचं बटण दाबलं की थेट गच्चीवर. मे महिन्यात, भर दुपारी, पारा ४४ वर असताना!

पिल्लू ३ आठवड्यांपासून साधारण १४ आठवड्यांचं होईपर्यंत जे जे ऐकतं, ते पुढे त्याला घरचंच वाटतं. भुऱ्याच्या त्या यादीत रेल्वे होती, मिक्सर नव्हता. त्यात आपले कान २० हजार हर्ट्‌झला थकतात, कुत्र्याचे ४५ हजारांपर्यंत जातात. कूलरच्या घरघरीत त्याला आणखी काय काय ऐकू येत असेल, कोण जाणे.

बरं, गच्चीवर राहू द्यावा तर तेही नाही. कुत्र्याला घाम येतो तो पंजाच्या तळव्यांना, नावापुरता. बाकी सगळी उष्णता जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवायची. घाबरला तरी धापाच टाकतो. म्हणजे हा उन्हानं धापतोय की कूलरनं, तेही कळायला मार्ग नाही.

पहिल्या दिवशी मी खास मर्दानी उपाय केला. पट्टा धरून त्याला कूलरपुढे बसवलं, म्हटलं, होईल सवय. त्यानं फरशीवर मुतून ठेवलं आणि पुढचे दोन दिवस त्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही.

मग वाचायला बसलो. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईंनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची भीती घालवली होती. मुलगा खात असताना ससा लांब ठेवायचा, मग हळूहळू जवळ आणायचा. पण ससा उचलून लांब नेता येतो, खिडकीत बसवलेला कूलर कुठे नेणार? म्हणून त्याचा आवाज मोबाइलवर भरून घेतला. अगदी बारीक लावायचा आणि भुऱ्याला कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा तुकडा द्यायचा. भाकरी कोरडीच. कांदा-लसूण कुत्र्याला घातक, म्हणजे भरीत आणि शेवभाजी बाद. खान्देशात जन्मून बिचाऱ्याच्या वाट्याला काय आलं, तर कोरडी भाकरी.

चार दिवसांनी बायको म्हणाली, "अहो, आता तो भाकरीचा डबा उघडला तरी पळतो." चूक माझी होती. मी आधी डबा उघडायचो, मग आवाज लावायचो. भुऱ्यानं सरळ हिशेब केला, डबा वाजला म्हणजे संकट आलं. क्रम उलटा केला. आधी आवाज, मग भाकरी. आवाज बंद, भाकरी बंद. शेजारच्या आजी कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, "इतली भाकर ते आमनी गाय बी खात नही!"

तीन आठवडे गेले. मोबाइल पूर्ण मोठा झाला, मग खऱ्या कूलरचा नुसता पंप. गवताच्या ताट्यांवरून पाणी ठिबकायला लागलं की हा मान तिरकी करून ऐकायचा. त्यानंतर पंखा, एकवर. मध्ये एकदा जीभ ओठांवरून फिरवायला लागला, कान मागे गेले. मी लगेच पुन्हा पंपावर आलो. मिक्सरचं अजून जमलेलं नाही. तोवर ठेचा खलबत्त्यात, आणि आईच्या मते तोच बरा लागतो.

काल दुपारी भुऱ्या उंबऱ्यावर आडवा झाला होता. पुढचे पाय खोलीत, मागचे ओसरीत, पोट गार फरशीला चिकटवून. कूलरचा वारा त्याच्या कानाची लव हलवत होता. डोळे मिटले. आणि वीज गेली. पंखा गरगरत थांबला, पाण्याचे दोन थेंब टाकीत पडले. भुऱ्यानं डोकं वर करून कूलरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बंद मीच केला, असा त्याचा ठाम समज दिसला.