आजी, चेक!

मे महिन्यात नातू राहायला आला होता. कुठल्याशा शिबिरात बुद्धिबळ शिकलेला, त्यामुळे जेवणं झाली की पट मांडून तयार. तिसऱ्या दिवशी त्याने उंट तिरका सरकवला आणि ओरडला, "आजी, चेक!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "कुठल्या बँकेचा?"

बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी क्लिअरिंगला. चेक म्हटलं की मला तारीख, अक्षरी रक्कम आणि सही दिसते. पटावर आमचे अण्णा "शह" म्हणायचे. ते ऐकून पोरगा म्हणाला, "शह म्हणजे?" मला धड सांगता येईना. मग दुपारची झोप सोडून शोधत बसले.

शह म्हणजे फारसीतला शाह, राजा. समोरच्याच्या राजावर मोहरा रोखला की "शाह!" म्हणून सावध करायचं. आपलं चतुरंग इराणात चतरंग झालं, अरबांकडे शतरंज, तिथून युरोपात गेलं. जुन्या फ्रेंचमध्ये या शाहचा 'एशेक' झाला आणि इंग्रजांनी पुढचा 'ए' गाळून 'चेक' केला. 'चेस' हे त्याचंच अनेकवचन. म्हणजे अण्णांचा शह आणि नातवाचा चेक सख्खे भाऊ निघाले. त्यात शाह आणि आपलं 'क्षत्र' एकाच मुळातले, म्हणजे नातं आणखी मागे जातं.

राजाला शह बसला की बाकीचे बेत बाजूला ठेवून आधी तो निस्तरावा लागतो. म्हणून चेक म्हणजे अडवणं, मग लगाम घालणं, मग अडवून तपासणं. तिकीट चेकर, डॉक्टरचा चेकअप, सगळे तिथलेच. मी राहते मुलुंडला, चेकनाक्यापासून दहा मिनिटांवर. जकात 2017 साली गेली. नाव कोण बदलतंय!

आता माझ्या खात्याची गोष्ट. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब एका टेबलावर व्हायचा. खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने त्याचं वर्णन लिहून ठेवलंय: साधारण दहा फूट लांब, पाच फूट रुंद, कडेला चार बोटं उंच काठ, म्हणजे वरचं काही घरंगळून पडायला नको. त्यावर पट्ट्यापट्ट्यांचं काळं कापड अंथरायचं. प्रत्येक रकान्याची किंमत ठरलेली, त्यात सोंगट्या मांडून बेरीज-वजाबाकी करायची. एका बाजूला खजिनदाराची माणसं, समोर वसुली घेऊन आलेला शेरीफ. दिसायला अगदी बुद्धिबळाचा पट, म्हणून त्या खात्याचं नावच 'एक्स्चेकर' पडलं. ब्रिटनचा अर्थमंत्री अजून 'चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर' म्हणवतो. चौकडीच्या शर्टाला आपण 'चेक्सचा' म्हणतो, तेही या पटावरूनच.

हे वाचलं आणि वाटलं, त्या टेबलाशी मला बसवलं असतं तरी चाललं असतं. आमच्याकडे सोंगट्यांच्या जागी कॅल्क्युलेटर होता, शेरीफच्या जागी मार्चअखेर.

बँकेतला चेक मात्र थोडा वेगळ्या वाटेने आला. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये 'चेक' म्हणजे रकमेच्या कागदाची आपल्याकडे राहणारी स्थळप्रत. पुढे कोणी खाडाखोड केली तर ताडून बघायला. मग तो कागदच चेक झाला. ब्रिटिशांनी त्या एक्स्चेकरच्या प्रभावाने शेवटी क्यू-यू-ई जोडलं, अमेरिकेने साधं 'सीके' ठेवलं. सरकारी मराठीत 'धनादेश' आहे, शब्द भारदस्त आहे, पण काउंटरवर कोणी "माझा धनादेश वटला का हो?" असं विचारल्याचं मला आठवत नाही.

आमच्याकडे तर चेकही चेक व्हायचे. एकीने एंट्री करायची ती मेकर, दुसरीने पास करायची ती चेकर. आणि क्रॉस केलेला चेक क्रॉसचेक करायचा. नव्याने लागलेली मुलं पहिला आठवडा गोंधळूनच असायची.

हे सगळं नातवाला सांगितलं. शाह आणि शेरीफ त्याने एका कानाने ऐकले. चेक वटतो, परत येतो, बाउन्स होतो, हे मात्र कान देऊन ऐकलं. काल व्हिडिओ कॉलवर खेळताना मी घाईघाईत हत्ती पुढे दामटून "शह!" म्हटलं. त्याने शांतपणे उंटाने माझा हत्ती उचलला.

"आजी, चेक परत."