जाम गेटच्या वाटेवर जॅकने घेतलेली टोपी

इंदूरच्या राजवाड्यावर जिरावन मसाला भुरभुरलेले पोहे खाऊन सातला निघालो. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, त्याची जुनी जिप्सी, मी आणि काका. काकांचं आयुष्य महूला फौजी गाड्या दुरुस्त करण्यात गेलंय. बेत साधा होता: जाम गेटच्या अहिल्याबाईंच्या काळातल्या दरवाज्यातून घाटाखालचा निमाडचा प्रदेश बघायचा आणि जेवायला इंदूर. रस्ता सरळ डांबरी. पण दादाला सरळ रस्ता मानवत नाही.

गेटच्या अलीकडे त्याने गाडी सोयाबीनच्या शेतांमधल्या गाडवाटेला घातली. सप्टेंबरातली माळव्याची काळी माती, वर वाळलेला पापुद्रा आणि आत लोणी. मागचं डावं चाक आसापर्यंत रुतलं.

मग निघाला 48 इंची हाय-लिफ्ट जॅक, म्हणजे भोकांच्या उभ्या दांड्यावर हँडल मारत गाडी उचलायचं यंत्र. 13 किलोचं लोखंड, आजवर नुसतं मिरवायला. दादा थेट पंप मारायला लागला तसे काका ओरडले, "अरे, आधी दगड लाव चाकांना! फोर-लो टाक, पहिला गिअर, हँडब्रेक." फोर-लो म्हणजे चारही चाकांना जोर देणारा संथ गिअर. जॅकच्या बुडाखाली त्यांनी जाड फळी घातली, नाहीतर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच खाली गेला असता. मागचा बंपर दादाने जाड लोखंडी करून घेतलाय हे बरं. हल्लीच्या प्लास्टिकच्या बंपरला लावला असता तर बंपरच हातात आला असता.

दहा-बारा हात मारले. बंपर वीतभर उचलला, चाक तिथंच! पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, सैल होत होते, गाडीचं अंग वर येत होतं, पण आस चिखलातच. काकांनी पट्ट्याने आस चेसिसला आवळला, तेव्हा कुठे चाक 'पच्च' करून सुटलं. खाली दगड ढकलले तेही फांदीने. गाडीखाली हात घालायचा नाही, ही काकांची सक्त ताकीद.

गाडी उतरवण्याचं काम हौसेने मी घेतलं. हँडल आडवं असतानाच उलटी खिट्टी, म्हणजे जॅकला चढण्याऐवजी उतरायला लावणारी कळ, पाडली आणि हात निसटला. हँडल सणकन वर आलं. काकांनी मागून कॉलर ओढली म्हणून हनुवटी वाचली, टोपी गेली. नंतर ते हँडल आपोआप खटाखट वर-खाली होत राहिलं, गाडी दगडांवर टेकून भार सुटेपर्यंत. आम्ही तिघं लांबून बघत होतो.

"गाडी चढवताना भार तू उचलतोस," काका म्हणाले, "उतरवताना तो हँडलवरून तुझ्याकडे येतो."

पन्नास पावलांवर गाडी पुन्हा बसली. खरं सांगतो, मला जरा आनंदच झाला. या वेळी हँडल उभं, दांड्याला चिकटवलेलं, मगच खिट्टी पाडली. डोकं बाजूला, दोन्ही मुठी घट्ट. दर खेपेला हँडल तळव्याला वर रेटत होतं, एकेका भोकाने गाडी खाली येत होती.

निमाड दुपारी दिसलं, धुक्यात. जेवायला घरी पोचलो चार वाजता. टोपी मात्र अजून त्या सोयाबीनमध्येच आहे.