मुलाला मुंबईला क्रिकेट खेळायला पाठवू का?

जळगाव-भुसावळकडचे पालक मला हा प्रश्न नेहमी विचारतात. मी तिकडचाच. मध्यमगती गोलंदाजी करायला मुंबईत आलो, कांगा लीग या क्लबांच्या स्पर्धेत खालच्या डिव्हिजनमध्ये खेळलो आणि आता दादरला मुलांना शिकवतो. फोनवर नीट सांगून होत नाही, म्हणून इथे लिहितो.

सोयींसाठी मुंबईला येऊ नका. बोलिंग मशीन, टर्फ, फ्लडलाइट आता तालुक्याच्या गावीही मिळतात आणि तिथे पोराच्या हातात बॅट तरी जास्त वेळ राहते. इथे नेटमध्ये आपली पाळी येईपर्यंत अख्खी सकाळ दुसऱ्यांना बॉल टाकण्यात जाते. मुंबईत ज्यासाठी यावं त्या गोष्टी दोनच: भरपूर मॅचेस, आणि त्या बघणारी जाणकार माणसं.

शनिवार-रविवारी आझाद मैदानावर जाऊन बघा. एका मैदानात २२ खेळपट्ट्या. एका मॅचचा डीप मिडविकेटचा फील्डर दुसऱ्या मॅचच्या कव्हरच्या फील्डरला पाठ लावून उभा असतो. तिसऱ्याच मॅचचा चेंडू पायाशी आला की न बघता उचलून परत फेकायचा आणि नजर पुन्हा आपल्या बॅट्समनवर. बाहेरून आलेला मुलगा पहिल्या दिवशी गांगरतो. महिनाभरात त्याला आपल्या विकेटकीपरचा आवाज त्या गलक्यातून बरोबर वेगळा ऐकू यायला लागतो. ही एकाग्रता मी कुठल्याही नेटमध्ये शिकवू शकलेलो नाही.

कांगा लीग तर मुंबईचीच. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा मुद्दाम पावसाळ्यासाठी आखलेली. खेळपट्टी उघडी, आउटफिल्डमध्ये घोट्याच्या वर गवत. चेंडू ओल्या मातीत रुततो, थांबून येतो, मध्येच छातीपर्यंत उसळतो. लवकर ड्राइव्ह मारायला गेलात की कव्हरच्या हातात झेल. म्हणून चेंडूची वाट बघायची, तो डोळ्यांखाली आला की खेळायचा, हात सैल ठेवायचे. जमिनीलगत मारलेला चेंडू गवतात अडकतो, तेव्हा धावा हव्या असतील तर कुठला चेंडू हवेत उचलून मारायचा हेही ठरवावं लागतं. अशा विकेटवर केलेल्या तीस धावांना आमच्याकडे शंभराचा मान आहे आणि तो योग्यच आहे. आता वेळापत्रक पुढेमागे होतं, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. ओली विकेट गेली तर कांगा लीगचं मर्मच गेलं.

शाळांचं क्रिकेट हा दुसरा खांब. गाइल्स शील्ड ही स्पर्धा लहान मुलांची, हॅरिस शील्ड शाळेतल्याच मोठ्या मुलांची. १९८८ मध्ये शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर-विनोद कांबळीने ६६४ धावांची भागीदारी रचली ती याच आझाद मैदानावर, हॅरिस शील्डच्या सेमीफायनलला. आकडा सगळ्यांना पाठ असतो. मला त्यामागची सवय जास्त मोलाची वाटते. त्यांचे कोच रमाकांत आचरेकर सर सचिनला स्कूटरवर बसवून एका मैदानातून दुसऱ्या मैदानात मॅच खेळायला न्यायचे. नेटच्या शेवटी स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे. आउट केलं तर ते बोलरचं, नाबाद राहिलास तर तुझं. दिवसभर खेळून पाय जड झालेले असताना विकेट टिकवायची, हे शिकवायचा याहून सोपा मार्ग मी पाहिलेला नाही. मुंबईच्या बॅट्समनला खडूस म्हणतात तो असा घडतो.

आणि हे सर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळलेले! शिकवण्याची आवड असलेल्या माणसाला हे शहर का ओढतं, ते इथे कळतं. इथे कोचची किंमत त्याने स्वतः काढलेल्या धावांवर ठरत नाही. शिवाजी पार्कात एका रांगेत नेट्स लागतात. शेजारच्या नेटमधला कोच पोराला काय सांगतोय ते मला ऐकू येतं, माझं त्याला. मी एका डावखुऱ्याचा खांदा सारखा दुरुस्त करत होतो, तेव्हा कट्ट्यावरचे एक आजोबा उठून आले आणि म्हणाले, “अरे, खांदा राहू दे, त्याचा पुढचा पाय बघ.” बघितलं. पाय आडवा पडत होता, म्हणून खांदा उघडत होता. ते आजोबा दादर युनियन क्लबचे जुने खेळाडू. कट्ट्यावर अशी माणसं रोज सकाळी बसलेली असतात.

गोरखपूरहून खेळाडू व्हायला आलेले ज्वाला सिंग इथेच कोच झाले, आणि भदोहीहून येऊन आझाद मैदानावरच्या तंबूत राहणारा यशस्वी जयस्वाल त्यांच्याच नजरेत भरला. ती नजर मैदानात हजर होती, म्हणून हे घडलं.

पण पालकांनो, त्या तंबूची गोष्ट सांगून पोराला पाठवू नका. तसे राहून परत गेलेले पुष्कळ आहेत. रणजीची ४२ विजेतेपदं असलेल्या संघात जागा अकराच. किट घेऊन सकाळच्या लोकलच्या लगेज डब्यात चढणं, संध्याकाळी अभ्यास, खोलीचं भाडं, यात चांगली चांगली मुलं थकतात. पूर्वी निर्लॉन, मफतलालसारख्या कंपन्या टीमसाठी नोकऱ्या द्यायच्या, टाइम्स शील्ड ही कंपन्यांच्या टीमची स्पर्धा खेळणाऱ्याचं घर त्यावर चालायचं. तो आधार आता फार थोड्यांना मिळतो.

म्हणून माझं सांगणं असं. बारा-तेराव्या वर्षी घर सोडायला लावू नका. आधी गावातच त्याला मॅचेस द्या, मोठ्यांच्या टीममध्ये दहाव्या नंबरवर का होईना. सुट्टीत नातेवाइकांकडे आठ-पंधरा दिवस आणा. माझ्याकडे आणायची गरज नाही, कुठल्याही क्लबच्या नेटवर न्या. पहिले दोन दिवस त्याला बॅटिंग मिळणार नाही. तिसऱ्या दिवशी तो स्वतःहून बॉल उचलून रन-अपवर गेला, तर मला फोन करा. मग राहायची सोय, शाळा, क्लब, सगळं बसून बोलू.