अंबाडीची घरगुती वाइन, बॅच 3: 1.034 ची कोंडी फुटली

मंडळी, सुटली एकदाची! दहा दिवस 1.034 वर ठाण मांडून बसलेली बॅच आज सकाळी 1.012 वर आली. (हे हायड्रोमीटरवरचे घनतेचे आकडे; साखरेचं अल्कोहोल होत जातं तसा आकडा उतरतो.)

मागच्या वेळी सांगितलंच होतं: 10 लिटर, वाळलेली लाल अंबाडीची बोंडं, सुरुवात 1.090, यीस्ट ईसी-1118. तिसऱ्या दिवशी सडक्या अंड्यांचा वास. अंबाडीच्या पाण्यात यीस्टला पुरेसा नायट्रोजन नसतोच, म्हणून फरमेड-ओ हे यीस्टचं खाद्य दिलं. वास गेला. (मूठभर मनुक्यांनी ही उणीव भरत नाही. चवीसाठी खुशाल घाला.)

खरं दुखणं चौथ्या दिवशी कळलं. थर्मामीटर बुडवला तर खोली 31, रस 35! ईसी-1118 ची मर्यादा 30. मी आपला खोलीचाच आकडा बघत बसलो होतो आणि रस आंबताना आतून तापत होता. लगेच कार्बॉयला (रस आंबवायच्या मोठ्या बाटलीला) ओलं फडकं गुंडाळून पंखा लावला. आमच्या नागपुरात माठ आणि कूलर याच्यावरच चालतात, कारण मे महिन्याच्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि उष्णता घेऊन जातं. इथे सिंगापूरच्या दमट हवेत सकाळी फडकं होतं तसंच चिंब, आणि पारा उतरला जेमतेम एक अंश. पाचव्या दिवशी एअरलॉक (आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर सोडणारं झाकण) गप्प, म्हणजे आंबणं थांबलं.

शेवटी कपड्यांचा टब काढला. कार्बॉय त्यात, रसाच्या पातळीपर्यंत पाणी, आणि सकाळ-संध्याकाळ बर्फ झालेल्या लिटरच्या दोन बाटल्या. रस 26 वर स्थिर! मग के1-व्ही1116 या दुसऱ्या यीस्टचं विरजण केलं, पण थेट ओतलं नाही. रसात एव्हाना 7.3 टक्के अल्कोहोल होतं, नवं यीस्ट त्यात गारद झालं असतं. म्हणून अर्धा कप विरजणात अर्धा कप रस, बुडबुडे दिसले की पुन्हा तेवढाच, असं दिवसभर वाढवत नेलं. दुसऱ्या रात्री एअरलॉकमधला पहिला बुडबुडा ऐकला, मग वीस-वीस सेकंदांनी एक. बराच वेळ तिथेच बसून होतो.

हायड्रोमीटर बहुधा 20 अंशांवर बेतलेला असतो, त्यामुळे इथे आकडा थोडा कमीच दिसतो. नमुना गार करून मोजा. शेवटच्या टप्प्यासाठी 0.990 ते 1.020 एवढ्याच रेंजचा घ्या, घनता, साखर आणि अल्कोहोल अशा तीन पट्ट्यांच्या हायड्रोमीटरवर त्या रेघा वाचताच येत नाहीत.

बॅच 4 अननसाची ठरली होती. पण लिहिता लिहिता वाटतंय, आधी अंबाडीच पुन्हा लावावी आणि साखर दोन हप्त्यांत द्यावी: सुरुवात 1.060 ला, उरलेली चौथ्या दिवशी. उष्णता एकदम उसळणार नाही. कुणी असं करून पाहिलंय का? बोंडं आजच भिजत घालतो. बर्फाच्या बाटल्या बदलायची वेळ झाली.