'निधी नाही' हे उत्तर कुठे चालतं, कुठे नाही

आरोग्याच्या हक्काचं कुठलंही भांडण घ्या, समोरून येणारं उत्तर ठरलेलं असतं: निधी नाही, यंत्रं नाहीत, माणसं नाहीत. ते ऐकून काही जण गप्प बसतात. काही जण चिडून रस्त्यापासून औषधापर्यंत सगळं एकाच याचिकेत कोंबतात. दोन्हींत नुकसान आपलंच. हे उत्तर काही ठिकाणी कायद्याला पटतं, काही ठिकाणी अर्धंच पटतं आणि काही ठिकाणी ते उत्तरच नसतं. आपली तक्रार कुठल्या ठिकाणची, ते आधी पाहावं.

मुळात हा ठणठणीत असण्याचा हक्क नव्हे. तशी हमी कोणतंच सरकार देऊ शकत नाही. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या १९६६च्या आंतरराष्ट्रीय कराराचा अनुच्छेद १२ बोलतो तो आरोग्याची 'गाठता येईल तितकी उच्च पातळी' उपभोगण्याबद्दल. त्याच कराराच्या अनुच्छेद २मध्ये सरकारांच्या आवडीचा शब्द आहे, 'क्रमाक्रमाने'. मात्र त्याच वाक्यात 'उपलब्ध साधनसंपत्तीचा कमाल वापर करून' असंही लिहिलंय, आणि ते वाचताना नेमका सगळ्यांचा चष्मा हरवतो.

या कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या समितीने २०००मध्ये सर्वसाधारण टिप्पणी क्रमांक १४ काढली आणि 'क्रमाक्रमाने'च्या आडची बरीच जागा बंद केली. भेदभाव न करणं आणि ठोस पावलं उचलायला लागणं ही कर्तव्यं तत्काळ लागू होतात, त्यांना 'हळूहळू'ची सवलत नाही. आहे त्या सोयी काढून घ्यायच्या असतील, तर दुसरे सगळे पर्याय तपासले होते हे सरकारने सिद्ध करायचं. शिवाय एक किमान गाभा सांगितलाय: दवाखान्यात भेदभावाविना प्रवेश, किमान आवश्यक अन्न, निवारा, स्वच्छता आणि पिण्यायोग्य पाणी, जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतली अत्यावश्यक औषधं, सेवांचं न्याय्य वाटप आणि आरोग्याचा राष्ट्रीय आराखडा. समितीच्या मते हा गाभा न पाळण्याला कुठलीच सबब चालत नाही. पण ही टिप्पणी म्हणजे कराराचा अधिकृत अर्थ. देशातल्या न्यायालयाला ती बांधून ठेवत नाही. पुष्कळ याचिका नेमक्या इथे अडखळतात.

हे कागदावरून नीट कळत नाही, दोन निकाल शेजारी ठेवले की कळतं. दोन्ही दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाचे, दोन्ही तिथल्या राज्यघटनेच्या, आरोग्यसेवेच्या हक्काबद्दलच्या कलम २७वरचे.

पहिला १९९७चा, सूब्रमनी खटला. रुग्णाची मूत्रपिंडं कायमची निकामी, त्यात हृदयविकार आणि मधुमेह. मागणी डायलिसिसची. डर्बनच्या सरकारी रुग्णालयात यंत्रं वीस, त्यातली काही धड नाहीत. एका रुग्णाला चार तास, वर यंत्र साफ करायला दोन तास. म्हणून रुग्णालयाने लेखी निकष केले होते: मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण होऊ शकेल अशांना प्राधान्य, आणि हृदयविकार असेल तर प्रत्यारोपण नाही. वकिलांनी कलम २७(३)चा आधार घेतला, तातडीचे उपचार कुणालाही नाकारता येणार नाहीत. न्यायालय म्हणालं, तातडी म्हणजे अचानक ओढवलेलं संकट. आठवड्यातून अनेकदा, आयुष्यभर लागणारे उपचार त्यात बसत नाहीत. निकष विवेकी आहेत आणि ते प्रामाणिकपणे लावलेत, म्हणून मागणी फेटाळली. निकालानंतर थोड्याच दिवसांत तो रुग्ण गेला. निकाल निर्दय वाटतो, पण तर्क तपासा: आकडे खरे होते आणि नियम सगळ्यांना सारखा होता.

दुसरा २००२चा, 'ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन' या संघटनेचा. औषध नेव्हिरापिन. एचआयव्ही असलेल्या आईला प्रसूतिकळा सुरू झाल्यावर एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला काही थेंब. बाळाला लागण होण्याचा धोका बराच घटतो. उत्पादक कंपनीने पाच वर्षं ते फुकट द्यायची तयारी दाखवली होती. तरी सरकारने ते प्रत्येक प्रांतात दोनच प्रायोगिक केंद्रांपुरतं ठेवलं. बाहेरच्या सरकारी डॉक्टरांना, गरज दिसत असूनही, देता येईना. इथे 'निधी नाही' म्हणायला जागाच नव्हती. समुपदेशन, चाचणी आणि बाळाचं वरचं दूध यांची व्यवस्था सगळीकडे नाही, हा बचाव. न्यायालयाने विचारलं, जिथे चाचणी आणि समुपदेशन होतंय तिथे तरी औषध का रोखता? निर्बंध उठवण्याचा आदेश निघाला.

गंमत म्हणजे या न्यायालयाने किमान गाभ्याची कल्पना स्वीकारली नाही. सरकारचं धोरण वाजवी आहे का, एवढंच तपासलं आणि तेवढ्यावर संघटना जिंकली. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: 'मला अमुक द्या' यापेक्षा 'हा नियम कशाच्या आधारावर केला, दाखवा' ही मागणी जास्त टिकते. पहिली न्यायाधीशाला अंदाजपत्रकात हात घालायला लावते, दुसरी सरकारला कागद काढायला लावते.

त्यामुळे नकार लेखी घ्या. मिळत नसेल तर आपणच त्याच दिवशी अर्ज द्या, 'अमुक वाजता, अमुक विभागात, अमुक कारण सांगून उपचार नाकारले', आणि पोच घ्या. कारणाचे शब्द जसेच्या तसे लिहा. 'खाट नाही', 'कागदपत्रं नाहीत' आणि 'तुमच्यासारख्यांना इथे घेत नाही' ही तीन कारणं कायद्याच्या तीन वेगळ्या दारांशी नेतात. पहिल्यात साधनांचा प्रश्न येतो, दुसऱ्यात नियम वाजवी आहे का हा, तिसऱ्यात सरळ भेदभाव. तिसऱ्याला निधीची सबब लागूच होत नाही. रुग्णालय खासगी असेल तर सरकारवरचा आरोप बदलतो: नकार त्यांनी दिला नसेल, पण नियमन आणि देखरेख कुठे होती?

देशातले सगळे मार्ग संपले, तर कराराचा ऐच्छिक शिष्टाचार उरतो, म्हणजे देशांनी वेगळा स्वीकारायचा पूरक करार, २०१३पासून लागू असलेला. त्याखाली समितीकडे व्यक्तिगत तक्रार जाते. लेखी हवी, निनावी चालत नाही आणि देशातला शेवटचा मार्ग संपल्यापासून एका वर्षाच्या आत पोचायला हवी. उशिराला सूट मिळते, पण वेळेत का जमलं नाही ते पटवावं लागतं. भरून न येणारं नुकसान व्हायची भीती असेल, तर अंतरिम उपायांची, म्हणजे निर्णय होईपर्यंतच्या संरक्षणाची, विनंती त्याच अर्जात करा. आणि सगळ्यात आधी, आपल्या देशाने हा शिष्टाचार स्वीकारलाय का ते बघा. नुसता मूळ करार मान्य करून ते दार उघडत नाही.