व्हेंचुरीची बंदूक आणि खापराचा ग्रह

खानदेशातल्या अमळनेरमधल्या ठिबक सिंचनाच्या कोणत्याही दुकानात शेतकऱ्याच्या नजरेने न पाहता अंतराळमालिकांच्या रसिकाच्या नजरेने पाहावे, म्हणजे आपण परग्रहावरच्या एखाद्या शस्त्रागारात शिरलो आहोत असा भास होतो. डिस्क फिल्टर, प्रेशर गेजच्या तबकड्या, एअर व्हॉल्व्हच्या टोप्या, लॅटरल म्हणजे बारीक नळ्यांची काळी वेटोळी आणि त्या जोडण्यासाठी बरणीत भरून ठेवलेले ग्रोमेट व जॉइनर, यांतली एकही वस्तू कापसाला पाणी देण्यासाठी जन्माला आली असेल असे वाटत नाही. माझा भाचा आणि त्याचे मित्र मोबाइलवर एक छोटीशी अंतराळमालिका चित्रित करू लागल्यापासून माझ्या या दुकानातल्या फेऱ्या वाढल्या आहेत, आणि दुकानदाराने मला क्षेत्र किती, पीक कोणते हे विचारणे सोडून दिले आहे.

घरातल्या आणि बाजारातल्या सामानातून भविष्यकाळ उभा करण्याची ही रीत पैशांच्या टंचाईतून आली हे खरे, पण तिला घराणे मोठे आहे. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेतील डालेक हे शत्रू रेमंड क्युसिक यांनी रेखाटले, आणि डालेकच्या एका हाताच्या टोकाला तुंबलेले सिंक मोकळे करण्याचा रबरी प्लंजर बसवला गेला. २१ डिसेंबर १९६३ रोजी दाखवलेल्या भागाच्या अखेरीस प्रेक्षकांना डालेक दिसलाच नाही. भिंतीला पाठ टेकवून किंचाळणारी नायिका आणि तिच्यावर चालून येणारा तो प्लंजर एवढेच दिसले, आणि पुढचा आठवडाभर इंग्लंडातल्या मुलांपुढे या शत्रूची ओळख म्हणून तेवढी रबरी वाटी होती. त्याच मालिकेतल्या यानाच्या येण्याजाण्याचा आवाज ब्रायन हॉजसन यांनी घराच्या दाराची किल्ली जुन्या पियानोच्या खर्जाच्या तारांवर घासून काढला होता. १९६५ च्या ‘थंडरबर्ड्स’मध्ये यानतळाच्या भिंतीवर लिंबू पिळायचे यंत्र बसलेले आहे. १९६६ मध्ये जर्मन दूरचित्रवाणीवर ओरियन नावाच्या यानाची मालिका आली, तिच्यातल्या नियंत्रणफलकावर तर कपड्यांची इस्त्रीच उभी होती, आणि त्या देशातल्या रसिकांनी तिच्यावर रागावण्याऐवजी प्रेमच केले.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त भावते ती ‘स्टार ट्रेक’मधल्या मीठदाण्यांची हकीगत. ८ सप्टेंबर १९६६ रोजी दाखवलेल्या पहिल्या भागात माणसाच्या अंगातले मीठ शोषून घेणारा एक जीव होता, आणि त्या कथेसाठी प्रॉपच्या, म्हणजे चित्रणात लागणाऱ्या वस्तू पुरवणाऱ्या, माणसाने नव्या घाटाच्या, भविष्यातल्या वाटाव्यात अशा मीठदाण्या विकत आणल्या. त्या इतक्या भविष्यातल्या निघाल्या की प्रेक्षकांना ती मीठदाणी आहे हे कळणारच नाही अशी शंका निर्मात्यांना आली. तेव्हा पडद्यावर मीठ शिंपडायला साध्या मीठदाण्या घेतल्या गेल्या आणि आणलेल्या मीठदाण्या डॉक्टर मॅककॉय यांच्या हाती शस्त्रक्रियेची उपकरणे म्हणून गेल्या. खरी मीठदाणी मीठदाणी म्हणून खपेना, आणि शल्यचिकित्सेचे यंत्र म्हणून मात्र निमूट खपली.

त्यावरून माझे असे मत झाले आहे की प्रॉपचे यश वस्तूपेक्षा प्रेक्षकाच्या गावावर जास्त अवलंबून असते. मुंबईच्या एखाद्या स्टुडिओत व्हेंचुरीची किरणबंदूक बेलाशक खपेल. व्हेंचुरी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: हातभर नळी दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये कमरेशी आवळलेली असते, आणि त्या कमरेलाच खाली एक लहानशी चोच फुटलेली असते. पाणी अरुंद जागेतून जाताना वेग घेते, तिथला दाब उतरतो, आणि बादलीत कालवलेले खत त्या चोचीतून विजेवाचून आपोआप ओढले जाते. भाच्याने ती पॉलिश पेपरने घासली, कारण गुळगुळीत प्लॅस्टिकवर रंग धरत नाही, मग तिच्यावर चंदेरी स्प्रे मारला, चोचीच्या जागी मूठ बसवली आणि सांध्यांना एम-सील लावले. बंदूक देखणी झाली. गणपतीत गल्लीतल्या मंडळापुढे पांढऱ्या चादरीवर तो भाग दाखवला, नायकाने परग्रहवासीयावर बंदूक रोखली, आणि अगदी पुढच्या रांगेतून एका सात-आठ वर्षांच्या पोराने खणखणीत अहिराणीत जाहीर केले, ‘‘आरे, हाई ते व्हेंचुरी शे!’’ त्यानंतर जमलेल्या शेतकरीवर्गाने त्या लढाईकडे युरिया सोडण्याचा कार्यक्रम म्हणूनच पाहिले.

गंमत म्हणजे त्याच भागात जो ग्रह होता, तो कोणालाही ओळखू आला नाही, आणि तो तर खापर होता. आमच्याकडे पुरणपोळी ज्याच्या पालथ्या पाठीवर भाजतात ते मातीचे खापर समोर बसलेल्या प्रत्येक बाईच्या रोजच्या ओळखीचे. पण वर्षानुवर्षांच्या जाळाने त्याच्या बुडाला आलेली काजळी, तिच्यातून डोकावणारे विटकरी डाग, पोपडे आणि बारीक तडे कॅमेरा अगदी जवळ नेऊन, एका बाजूने टॉर्च धरून पाहिले तर थेट उल्कांनी झोडपलेला पृष्ठभाग दिसतो. चुलीवर असताना त्याच्याजवळ इतके नाक कोण नेणार? वस्तू ओळखली जाते ती तिच्या बाह्यरेषेवरून, आणि कॅमेऱ्याच्या चौकटीत खापराची रेषा कुठेच नव्हती. व्हेंचुरीची मात्र नुसती सावली पडली असती तरी त्या पोराने ओळखली असती.

तेव्हापासून आमचे सगळे कसब रेषा मोडण्यात चालले आहे. डिस्क फिल्टरच्या अंगावर जुन्या रिमोटची पाठ चिकटवायची, तिच्यावर बाटलीची झाकणे, मग सगळ्यावर एकच करडा रंग, म्हणजे प्लॅस्टिक, रबर आणि पत्रा यांचे वेगळेपण बुजते. शेवटी पातळ काळा रंग फासून लगेच फडक्याने पुसायचा, की खाचांत मळ राहतो आणि वस्तू वापरातली दिसते. नवी कोरी वस्तू पडद्यावर खेळण्यासारखी दिसते, याची खात्री मला आता पटली आहे. ज्यांनी रेषा मोडलीच नाही त्यांनाही कधी कधी नशीब साथ देते, हा भाग वेगळा: १९८० च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात एक इसम आइस्क्रीम बनवायचे यंत्र काखोटीला मारून पळताना दिसतो, रसिकांनी ते ओळखून वर्षानुवर्षे त्याची थट्टा केली, आणि २०१९ च्या ‘द मँडलोरियन’ मालिकेत त्याच घाटाचे भांडे मौल्यवान धातू ठेवण्याची तिजोरी म्हणून सन्मानाने परत आले.

पुढच्या भागात यंत्रमानव आहे. त्याच्या डोक्यासाठी भाच्याने स्वयंपाकघरातले पुरणयंत्र हेरून ठेवले आहे, आणि बाजूचा दांडा फिरवला की मान हलते हा त्याचा मुद्दा मला बिनतोड वाटतो; पण अखजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली असताना पुरणयंत्राला हात लावाल तर मामा-भाचे दोघांनाही घराबाहेर झोपावे लागेल, असे माझ्या बहिणीने बजावले आहे, तेव्हा सध्या डोके म्हणून भंगारवाल्याकडून आणलेल्या मिक्सरच्या भांड्यावर काम चालू आहे.